आधीची की नंतरची

गाड्या विकणाऱ्या कारभारीनं पुढं केलेला हात पुंजारामला दिसला नाही. तो समोरच्या लाल गाडीकडे बघत उभा होता, आणि हात आला होता बाजूनं, पोटाच्या उंचीवर, जिथं गेल्या वर्षापासून त्याचं जग संपत होतं. हात थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला असावा. पुंजारामला कळलं ते एवढंच, की शेजारी उभे असलेले त्याचे वडील, आबा, लगबगीनं पुढं सरकले, त्याच्या खांद्याला घासून गेले आणि त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "रामराम शेठ," आबा म्हणाले आणि हात सोडीनातच. जुन्या गाड्यांच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये कारभारीचं हसणं घुमलं. "काय बाबा, रुमालाखाली भाव करता का काय? हा मेंढ्यांचा बाजार नाय." "भाव मागून," आबा म्हणाले, "आधी जनावर चालवून दाखवा." दोघंही हसले. पुंजारामही हसला, पण त्याच्या मानेवर घाम आला होता. माणूस आपल्याला हात देतो आणि आपण तो घेत नाही, असं पूर्वीही झालं होतं. लोकांनी त्याला शिष्ट समजून सोडून दिलं होतं. पण आज मध्ये आबा आले होते. ते सहज आले, म्हाताऱ्या माणसाला पुढंपुढं करायची सवय असते तसे, की... त्या 'की'च्या पुढं त्याचं मन जायला तयार नव्हतं. बैलानं ओढ्याच्या काठावर अडावं तसं ते तिथं अडलं.

जालना रोडवरच्या त्या शेडमध्ये एकाच गाडीची दोन रूपं शेजारी शेजारी उभी होती. कंपनी तीच, नाव तेच. दोन दारं, दोन माणसांची जागा, आणि जमिनीला पोट टेकवल्यासारखी बसकी. लाल होती ती आधीची, कंपनीनं पहिल्यांदा काढली तेव्हाची. राखाडी होती ती बऱ्याच वर्षांनंतरची, सुधारलेली. एक कुण्या डॉक्टरच्या मुलानं परदेशी जाताना विकलेली, दुसरी एका बिल्डरची. कारभारी दोघींच्या मध्ये उभा राहून माल सांगत होता. "देखो इंजिनियरसाहेब, पैले का माल पैले का है. हिच्यात सगळं हातापायानं. स्टेअरिंग आसं, का रस्त्यावरचा खडा बी तळहातात कळतो. शौकीन आदमी हीच नेतो. आन ही नंतरची. हिला क्लचच नाय. बटन दाबा, बसा, निघा. मागं कॅमेरा, बाजूला कुणी आलं तर टुंगटुंग वाजती. सगळं हीच बघती, आपल्याला काय कामच नाय ठेवलं." "मग मजा काय तिच्यात?" पुंजाराम म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज उगीच मोठा वाटला. "तेच म्हणतो ना मी. मजा हिच्यात, आराम तिच्यात. मैत्रीण पायजे का बायको, तुमचं तुम्ही ठरवा." आणि कारभारीनं आबांकडे बघून जीभ चावली. आबांचं लक्ष नव्हतं. ते राखाडी गाडीच्या काचेला कपाळ लावून आत, खाली, पायांच्या जागेत काहीतरी निरखत होते.

पुंजाराम इंजिनियर नव्हता. वाळूजच्या एका कारखान्यात त्यानं तीनचाकी गाड्या चालवून बघायचं काम केलं होतं. लाइनवरून उतरलेली नवी रिक्षा मागच्या ट्रॅकवर पळवायची, तिचा आवाज ऐकायचा, ब्रेक दाबायचा, आणि ती पुढच्या माणसाच्या हवाली करायची. किती रिक्षा त्याच्या हातून गेल्या असतील कुणास ठाऊक. कुठल्याकुठल्या गावांत लोक त्यांत बसून लग्नाला, दवाखान्यात, शाळेत जात असतील. तो मात्र त्याच गोल रस्त्यावर. एकदा पाहुणा म्हणून आलेल्या एका परदेशी साहेबाची अशीच लाल गाडी त्या ट्रॅकवर आली. साहेब हसरा होता. त्यानं पुंजारामला खुणेनं बोलावलं, स्टेअरिंगवर बसवलं आणि एक फेरी मारू दिली. वळण रोजचंच होतं. रिक्षा तिथं एका अंगाला कलायची आणि तोही सवयीनं दुसऱ्या अंगाला कलायचा. ही गाडी कललीच नाही. तिनं उलट जमीन आणखी घट्ट धरली, आणि त्याच्या पोटात काहीतरी खोल उतरलं, लहानपणी विहिरीच्या काठावरून अंग सोडून देताना उतरायचं तसं. फेरी संपली. साहेबानं पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून मुकुंदवाडीला घरी येताना पुंजाराम खिडकीबाहेर बघत राहिला, आणि त्यानं मनाशी ठरवलं की आयुष्यात दुसरं काही घ्यायचं नाही, पण हे घ्यायचं. तेव्हा खिडकीबाहेर बघितलं की सगळी खिडकी दिसायची.

नजर समोरून गेली नाही. समोरचं अजूनही लख्ख दिसायचं. लांबच्या पाटीवरचं बारीक अक्षर तो आबांना वाचून दाखवायचा. गेल्या त्या कडा. आधी संध्याकाळच्या. दुसऱ्या पाळीत ट्रॅकवरचे केशरी शंकू एकाएकी चाकाखाली यायचे आणि पोरं विचारायची, "पुंजाभाऊ, घेतली का काय?" तोही म्हणायचा, "कालचीच उतरली नाय." मग दिवसाच्याही जाऊ लागल्या. जेवताना पाण्याचा पेला लवंडायचा. जिन्यातलं शेजारचं मूल पायात यायचं आणि रडायचं. काळोख वगैरे काही दिसत नव्हतं, हे त्याला कुणालाही नीट सांगता आलं नसतं. कडांना नुसतं काहीच नव्हतं. आपल्या पाठीमागं जसं माणसाला काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही, तसं. पाठ हळूहळू पुढं येत होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मग विचारलं, "आईवडील नात्यातले का?" "हो, वडलांच्या मामाची मुलगी," तो म्हणाला; घरात ते ज्या सुरात सांगितलं जायचं त्याच सुरात, थोड्या अभिमानानं. बाई लिहिता लिहिता थांबल्या. त्यांनी कागदावर दोन गोल काढले, त्यांना जोडणारी रेघ काढली, आणि शाळेतल्या मुलाला समजावावं तसं सावकाश समजावलं. हा दोष दोघांतही झाकलेला असू शकतो. दोघांनाही चांगलं दिसत असतं. एकाच घराण्यातली दोघं एकत्र आली, की एखाद्या लेकरात तो उघडा पडतो. "औषध?" "सध्या तरी नाही." "किती दिवस दिसेल?" "ते सांगता येत नाही. पण गाडी चालवू नका. आजपासूनच." त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी साहेबांना पाठदुखीचं कारण सांगून त्यानं टेबलावरचं काम मागून घेतलं. पण कागदावरचे ते दोन गोल त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात. ते तर अगदी समोर होते, नजरेच्या मधोमध, जिथलं काहीच जायचं नव्हतं.

कारण त्या दोन गोलांतला एक गोल आबा होते आणि दुसरा राजाबाई, त्याची आई. आबांच्या आयुष्यात मिरवावं असं फार काही झालं नव्हतं. शेंद्र्याच्या माळावर मेंढरं राखली, माळावर कारखाने आले, जमिनीच्या तुकड्याचे पैसे आले, ज्यातून आता गाडी घ्यायची होती, मेंढरं विकली, शहरात लेकाजवळ येऊन राहिले. पण राजाबाई त्यांना मिळाली होती. मामा आधी नाही म्हणाला होता, त्याला बिडकीनचं मोठं घर दिसत होतं. आबांनी मामाच्या वाड्यावर वर्षभर फुकट मेंढरं चारली आणि तिला मागून आणली. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क, असं त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, पण आबांना हक्क सांगावा लागला नव्हता, राजाबाईनंच बापाला सुनावलं होतं. ही गोष्ट आबा अजून सांगायचे. राजाबाई जाऊन तीन वर्षं झाली तरी जेवताना, घास हातात धरून सांगायचे, आणि शेवटी हसायचे. त्या हसण्यावर पुंजारामनं आपले डोळे ठेवायचे कसे? आबा, तुम्ही जी एक गोष्ट आयुष्यात चांगली केली, तिच्यामुळं माझे डोळे जातायत, हे तोंडानं म्हणायचं कसं? म्हणून तो गप्प राहिला. स्थळं येत होती, ती नाकारत राहिला. आत्या बानाबाई तोंडावर म्हणाली, "याचं नाक लई वर झालंय दादा, याला इमानातली हवाईसुंदरी पायजे." आबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. पुंजारामनं तेही सोसलं. शिष्ट ठरणं सोपं होतं.

आणि आता हा हात. आबांना ठाऊक असेल का? त्याला लहानपणची एक मेंढी आठवली. कळपात एक मेंढी आंधळी होत आली होती. आबांना ते आधी कळलं, कारण ती चालताना दुसरीच्या अंगाला अंग लावून चालायची, आणि पाण्यावर शेवटी जायची. आबांनी तिला बाजारात नेली नाही. घेणाऱ्याला सांगावं लागतं, म्हणाले, आणि सांगितलं की तो कसायाचा भाव करतो. पुंजारामनं विचारलं होतं, "आबा, तिला कळतंय का?" "कळतंय की," आबा म्हणाले होते, "पर ती कळपाला कळू देत नाय. मंग आपुन बी कळल्यावानी करायचं नाय." त्या वेळी त्याला ते शहाणपण वाटलं होतं. आज शेडमध्ये उभं राहून त्यानं ते स्वतःशी ताडून बघितलं. आबा गेले कित्येक महिने त्याच्या डाव्या हाताला चालत होते. रस्त्यानं, देवळात, लग्नाच्या मांडवात. अंगाला अंग लागेल इतक्या जवळून. त्याला वाटायचं, म्हातारपणानं तोल जातो, आधार लागतो.

"मग कोणती काढू?" कारभारी विचारत होता. खरं म्हणजे हा प्रश्न सोपा असायला हवा होता. लाल घ्यायची. इतकी वर्षं लालच घ्यायची होती. घरात दुसरं कुणी गाडी चालवणारं नव्हतं, आणि राखाडी मागितली असती, ती बाजूचं बघणारी, आपोआप चालणारी, तर आबांनी विचारलं असतं, "कामून रं? तुझी तर लालवर नजर व्हती." मग एकेक धागा उसवत दोन गोलांपर्यंत जावं लागलं असतं. लाल घेतली तर काहीच सांगावं लागणार नव्हतं. दिवसाउजेडी, सरळ रस्त्यानं, महिन्यातून एकदा. उन्हाळाभर तरी. डॉक्टरीणबाई 'आजपासूनच' म्हणाल्या होत्या, तेव्हापासून त्यानं चाकाला हात लावला नव्हता. ती शिल्लक त्याच्याकडे जमा होती, असं काहीसं लबाड गणित तो मनात मांडत होता, आणि ते लबाड आहे हेही त्याला दिसत होतं. समोरचं सगळं दिसायचंच. "लाल," तो म्हणाला. कारभारीनं किल्ली दिली, ती त्यानं बरोबर डोळ्यांसमोर धरून घेतली. "दोघंच मावता, मी येत नाय. शेंद्र्यापर्यंत जाऊन या, रस्ता मोकळा सापडल," कारभारी म्हणाला. "बाबा, बसता येईल ना? लई खाली हाय." "जमिनीवर बसायची सवय हाय आमाला," आबा म्हणाले आणि गुडघा धरून, कण्हत, डाव्या सीटवर स्वतःला सोडून देते झाले.

गाडी सुरू झाली तेव्हा आवाज कानांनी ऐकू येण्याआधी पाठीतून आला. इंजिन पाठीमागंच होतं. जिथं त्याला काही दिसत नव्हतं तिथं आता काहीतरी जिवंत गुरगुरत होतं, आणि त्याला बरं वाटलं. जणू पाठीची रिकामी जागा कुणीतरी भरली. चिकलठाण्यापर्यंत तो अगदी हळू गेला, मान सारखी डावी-उजवी फिरवत, कबुतरासारखी.  आबांनी एक हात समोरच्या कप्प्यावर ठेवला होता. केंब्रिज चौक मागं पडला, दोन्ही अंगांची दुकानं विरळ झाली, आणि मग रस्ता उघडा, काळा, सरळ समोर आला, बरोबर त्याच्या नजरेच्या मापाचा. त्यानं गिअर बदलला. कारभारी खोटं बोलला नव्हता: डांबरातली प्रत्येक भेग, प्रत्येक खडी तळहातात येत होती. डोळे नसते तरी हा रस्ता वाचता आला असता, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यानं छाती एकदम इतकी भरून आली की ओरडावंसं वाटलं. ट्रॅकवरचं ते वळण, साहेबाची थाप, बसची ती सबंध खिडकी, सगळं परत आलं. कडा परत आल्या, असंसुद्धा क्षणभर वाटून गेलं. त्यानं मान फिरवणं सोडून दिलं. तो नुसता समोर बघत होता आणि गाडी त्याच्या हातांत गात होती, आणि आबा शेजारून अगदी साध्या, बिनघाईच्या आवाजात म्हणाले, "थांब, पुंजा. डाव्या हातानं मेंढरं."

पाय ब्रेकवर कसा गेला ते त्याला कळलं नाही. टायर किंचाळले, गाडी फरफटत थांबली आणि इंजिन गचकन बंद पडलं. मग त्याच्या नजरेत, त्या उरलेल्या गोलात, डावीकडून एक मेंढी आली. मग दुसरी. मग मेंढरंच मेंढरं, गाडीच्या तोंडाला अंग घासत, सावकाश, आणि त्यांच्या मागं पोटाशी कोकरू धरलेली एक बाई, डोक्यावर पदर, हातात काठी. एवढं सगळं खांड रस्त्याच्या कडेनं चालत वर चढलं होतं आणि त्यातलं एक शिंगसुद्धा त्याला दिसलं नव्हतं. बाईनं काठी बोनेटवर आपटली. "डोळे फुटले का रं तुझे?" ती म्हणाली. कुणीही कुणालाही म्हणतं ते. रस्त्यावर रोज ऐकू येतं ते. पुंजारामचे हात स्टेअरिंगवर होते. त्यानं ते काढले नाहीत.

आबांनी दार उघडलं. त्या खड्ड्यासारख्या सीटमधून स्वतःला वर ओढायला त्यांना बराच वेळ लागला. काच उघडी होती, त्यामुळं पुढचं सगळं पुंजारामला ऐकू आलं. "लागलं का कुणाला, बाई?" "लागलं नाय म्हून सोडायचं का? येवढं खांड रस्त्यावर, आन ह्याला दिसंना?" "नाय दिसत त्याला," आबा म्हणाले. "समोरचं दिसतं. कडंचं नाय दिसत." बाईनं काठी खाली घेतली. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत राहिल्या. "लेक हाय का?" तिनं विचारलं. "लेक हाय." "आन मंग गाडी कामून दिली त्याच्या हातात?"  आबांनी तिच्या हातातल्या कोकराच्या कानामागं खाजवलं. "लई दिसाची हौस व्हती त्याची," ते म्हणाले. "म्हनलं, येकडाव चालवून घेऊ द्यावी. म्या बसतो डाव्या अंगाला." बाईनं वाकून गाडीत डोकावलं. तिचा चेहरा त्याच्या बरोबर समोर आला. उन्हानं रापलेला, तरुण. ती रागावलेली नव्हती, आणि तेच त्याला बघवलं नाही. "जा बाबा, हळू जा," ती म्हणाली आणि मेंढरांना हाक देऊन निघून गेली.

आबा परत येऊन बसले. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला हवी होती. आबांनी सांगितलं, "डावीकडं मोकळं हाय, घे," आणि त्यांच्या शब्दावर त्यानं ती घेतली. मग किल्ली काढून मांडीवर ठेवली. "कवापासून?" त्यानं विचारलं. "तुझी आई व्हती तवापासून. तीच म्हनली आधी, पुंजा उंबऱ्याला ठेचकाळतो. तिच्या भावाचं बी आसंच झालं व्हतं. त्याला बी आधी कडंचं जायाला लागलं." "मग बोलले का नाय तुम्ही?" "तू बोलंना. म्हनलं, याला कळू द्यायचं नसंल." आबांनी खिशातून फोन काढला, तो लांब धरून, डोळे बारीक करून नंबर लावला. "शेठ, ती दुसरी घेऊन शेंद्र्याच्या रस्त्याला या. ... नाय, बंद नाय पडली. चांगली हाय. आमचं मन भरलं तिच्यानं."

कारभारी येईपर्यंत दोघं तिथंच बसून होते. समोर माळ होता, माळाच्या पलीकडे कारखान्यांची निळी छपरं. आबा कधीतरी म्हणाले, "त्या टाकीपाशी आपली वाघर असायची, रातची मेंढरं कोंडायची." टाकी कुठली ते पुंजारामनं विचारलं नाही. त्याला एवढंच कळत होतं की गेलं वर्षभर त्यानं जे भिंतीसारखं उभं केलं होतं, त्याच्या पलीकडे माणूस पहिल्यापासून उभा होता, आणि भिंत पडू नये म्हणून तोही तिकडून हात लावून उभा होता. दोघांनीही एकाच भिंतीला टेका दिला होता. आईनंसुद्धा. मरायच्या आधी तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून किती वेळ डोळ्यांत बघितलं होतं. त्याला वाटलं होतं, ती निरोप घेतेय.

राखाडी गाडी आली. कारभारी उतरला, त्यानं लालभोवती चक्कर मारून ओरखडे शोधले, आणि नसल्याचं बघून खूश झाला. "हिची ट्रायल कोण घेतो आता?" "म्या," आबा म्हणाले. कारभारी हसला. आबा हसले नाहीत. "हसू नका, शेठ. लायसन हाय." "आबा, तुम्ही कधी शिकलात?" "तू ड्यूटीला गेला का जायाचो. मुकुंदवाडीतच येक पोरगी शिकवती. लई वरडायची. आजोबा, आरशात बघा, आजोबा, हे मेंढरू नाय, हाकलून चालत नाय." ते गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "समदं जमलं, लायसन बी निघालं, पर क्लच कवाच धड नाय जमला. गुडघा आडतो. मंग ती म्हनली, आजोबा, तुम्ही बिनाक्लचची घ्या. तवा कळलं का तसली बी आसती." म्हणजे आबा सकाळी शेडमध्ये आले ते हीच गाडी बघायला. काचेला कपाळ लावून ते पायांखालचे दांडे मोजत होते. आणि तरीही त्यानं 'लाल' म्हटल्यावर त्यांनी चकार शब्द काढला नाही; त्या खड्ड्यात उतरून डाव्या अंगाला बसले.

कारभारी लाल गाडी घेऊन पुढं निघाला. पुंजाराम डाव्या सीटवर बसला. ती लाल पाठ सरळ रस्त्यावर लहान लहान होत गेली, आणि ती जितकी लहान झाली तितकी त्याच्या गोलात नीट मावत गेली. फार वेळ दिसली. मग वळली, आणि नाही दिसली. आबा दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून, ओठ मिटून, बैलगाडीच्या चालीनं चालवत होते. मागून ट्रक भोंगे देत होते. राखाडी गाडी आवाज करत नव्हती. खडी कळत नव्हती, भेग कळत नव्हती. शेजारून कुणी गेलं की ती टुंगटुंग वाजायची, आणि आबा दर वेळी तिला "व्हय, व्हय, बघितलं" म्हणायचे.

"डाक्टर काय म्हनले?" आबांनी एकदम विचारलं. "कशानं होतं हे?" पुंजारामनं रस्त्याकडे बघितलं. समोरचं सगळं स्वच्छ होतं. "कशानंबी होतं, आबा. कारखान्यात वेल्डिंगचा उजेड असतो ना, त्यानं बी होतं." आबांनी मागच्या ट्रकला वाट दिली. "तू तर वेल्डिंगला कधी नव्हता," ते म्हणाले. "शेजारीच होतं ते." "शेजारी," आबा म्हणाले. त्यांनी मान हलवली, ती पटल्यासारखीही होती आणि नसल्यासारखीही. "तुझ्या मामाला दवाखान्यात नेलं तवा मला डाक्टरनं इचारलं व्हतं, नात्यातल्या सोयरिकी करता का म्हून." "मला नाय विचारलं," पुंजाराम म्हणाला. "नाय इचारलं?" "नाय. कुणीच नाय." एक टेम्पो भोंगा वाजवत पुढं गेला. आबांच्या हनुवटीखालची कातडी हलत होती. "तुझी आई लई चांगली व्हती रे," ते म्हणाले. "हो," पुंजाराम म्हणाला.

चिकलठाणा आलं तशी गर्दी लागली. आबांनी वेग आणखी कमी केला. "हे बघ," ते म्हणाले, "लाल घ्यायची तरी घे. दारात उभी करू. तुला वाटंल तवा जाऊन बसत जा तिच्यात. कुणी काय म्हनत नाय." आणि पुंजारामला ते खरंच दिसलं: मुकुंदवाडीतलं दार, दाराशी लाल गाडी, तिच्या टायरांखाली वाढलेलं गवत, आणि आत तो, हात स्टेअरिंगवर, समोर हळूहळू नाण्याएवढा, मग दाण्याएवढा होत जाणारा उजेड. त्यात एक प्रकारचं सुख होतं. कुणी त्याच्याकडून ते हिरावून घेत नव्हतं, हेच कठीण होतं. ते त्याचं त्यालाच खाली ठेवायचं होतं. त्याच्या तळहातांत अजून ती खडी होती, गिअरच्या दांड्याचा गुळगुळीतपणा होता. त्यानं हात मांडीवर उताणे ठेवले. "नंतरची घेऊ," तो म्हणाला. "ही?" "ही." "आवडली का?" "नाय," तो म्हणाला, आणि मग, आबांना ते एकट्यानं उचलावं लागू नये म्हणून, "आवडंल."

 आबा रडत होते की नाही हे बाजूनं कळलं नसतं, म्हणून पुंजारामनं मान वळवली. सगळा रस्ता गेला. गर्दी गेली, ट्रक गेले, जालना रोडवरचं सगळं शहर एका झटक्यात नजरेबाहेर गेलं, आणि उरलेल्या जागेत आबांचं तोंड पुरतं मावलं. पांढरे खुंट, ओला गाल, रस्त्याला चिकटलेले दोन म्हातारे डोळे. इतकं जवळून, इतकं सबंध त्यानं ते कधी बघितलं नव्हतं. तो बघत राहिला.

"म्होरं बघ की," आबा म्हणाले. "माझ्याकडं काय बघतो?"

"म्होरं तुम्ही बघा, आबा," तो म्हणाला.